पिकअप हळू आली की

माणसाचं वाहन त्याच्या गुडघ्यांवरून ठरतं, असं माझं आता पक्कं मत झालं आहे. गुडघे स्वतःचेच असले पाहिजेत असं मात्र नाही. माझी पिकअप मी ढवळूबुवांच्या गुडघ्यांसाठी घेतली.

ढवळूबुवा हे पोशेऱ्याच्या वरच्या पाड्यावरचे कीर्तनकार. उतारावर थोडी नागली-वरई, खाली वीतभर भात आणि गळ्यात असा आवाज, की दाभोशाचा धबधबा श्रावणात जितक्या लांबून ऐकू येतो तितक्या लांबून बुवांचा गजर बारा महिने ऐकू येई. मी राहतो जव्हारला, नोकरी मोखाड्याच्या कचेरीत कारकुनाची, आणि उरलेल्या वेळात कीर्तनं ऐकतो. आमच्या जयश्रीबाई म्हणतात, हे कीर्तनं ऐकतात आणि उरलेल्या वेळात कचेरीत जातात. संसारात असे मतभेद असायचेच.

आता प्रवचन बसून करता येतं, कीर्तनाला मात्र उभंच राहावं लागतं. नारदाची गादी म्हणतात तिला, पण ती बसायची गादी नव्हे. बुवांना मी माझ्या मोटरसायकलवर मागं बसवून पाड्यापाड्यांना नेत असे. रस्ते आमचे असे की उतरल्यावर बुवा बराच वेळ मोटरसायकलवर बसल्याच्या आकारातच उभे राहत. एकदा खोडाळ्याच्या बाजूला ते तसेच, गुडघे वाकवून, गादीवर चढले. श्रोत्यांना वाटलं, आज वामनावताराचं आख्यान आहे. लोकांनी हात जोडले. बुवांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेही लोकांनी भक्तीचं धरलं. ते गुडघ्याचं होतं हे मला एकट्याला ठाऊक.

परत येताना बुवा म्हणाले, "भाऊ, आवाज अजून वीस गावं पुरंल. पाय नाय पुरत."

त्या वाक्यानं माझं काळीज हललं आणि मी चारचाकी घ्यायचं ठरवलं. रोज जव्हार-मोखाडा कचेरीही होईल आणि बुवांची कीर्तनंही.

"साधी, लहान घ्या," जयश्री म्हणाली. "मलाही बसता येईल अशी."

पण आमच्या शेजारी कमलेश राहतो. त्याचं मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे आणि गिऱ्हाईक नसताना तो फोनवर गाड्यांचे व्हिडिओ बघतो. गिऱ्हाईक बहुतेक नसतंच, त्यामुळे ज्ञान अफाट. "नितीनभाऊ, तोरंगणच्या घाटात लहान गाडी म्हणजे पावसात पापड. पिकअप घ्या. डबल केबिन. फोर बाय फोर. टर्बो!"

टर्बो म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. पण त्या शब्दाला बीजमंत्राचं वजन होतं. मी मनातल्या मनात दोनदा उच्चारून पाहिला आणि अंगावर काटा आला.

कमलेशनंच ती शोधली. ठाण्याच्या बाजूचा पंकज नावाचा तरुण, फार्महाऊसवाला. चिखलात गाड्या पळवायच्या शर्यती खेळायचा. लग्न ठरलं, आणि होणाऱ्या बायकोनं सांगितलं, ती तरी ठेव नाहीतर मला तरी. गाडी काळी कुळकुळीत, चाकं माझ्या कमरेला लागतील एवढी, सायलेन्सर बदललेला, इंजिनात काहीतरी चिप घातलेली, आणि बॉनेटवर दात विचकणारी कवटी.

"अंकल," पंकज म्हणाला, "ही चालवायची नसते. सोडायची असते."

मी सोडली. सोडल्याबरोबर माझा चष्मा मागच्या सीटवर गेला. किल्ली देताना त्या पोरानं बॉनेटवर डोकं टेकलं आणि डोळे पुसले. ते पाहून मला भरून आलं. म्हटलं, चांगल्या घरातली आहे.

घरी आल्यावर जयश्रीला तिच्यात चढता येईना. स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं, त्यावरून ती कशीबशी चढली. ते स्टूल पुढं गाडीतच राहिलं आणि स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचे डबे तेव्हापासून वरच आहेत. कवटीवर मी 'रामकृष्ण हरी'चं मोठं स्टिकर लावलं, पण कवटी रुंद निघाली. हरीच्या खाली दात दिसत राहिले. कचेरीत पहिल्या दिवशी नुसत्या आवाजावर शिपाई उठून उभा राहिला. गाडीतून मी उतरलेला पाहून पुन्हा बसला. साहेबांनी एवढंच विचारलं, "नितीनराव, घरी सगळं ठीक आहे ना?"

आता कागदपत्रं. ह्या विषयावर एक स्वतंत्र सप्ताह बसवता येईल, पण थोडक्यात सांगतो. आमच्या इथं दिपेश नावाचा एजंट आहे, चहाच्या टपरीलाच त्याचं ऑफिस. आधी चासी नंबरचा ठसा घ्यायचा होता. तो नंबर सापडेना, कारण गाडीखाली साऱ्या महाराष्ट्राचा चिखल बसला होता. खरवडता खरवडता दिपेश म्हणाला, "भाऊ, ह्यात नागली टाकली तर पीक येईल." मग पंकजची सही जुळेना, गाडी विकताना त्याचा हात थरथरला होता. ते निस्तरलं तेव्हा कळलं की गाडीची पाटी पिवळी आहे. म्हणजे मालवाहू.

"पांढरी करू," दिपेश म्हणाला. "वेळ लागंल. तोवर केबिनमध्ये काय ते बसवा. मागच्या हौद्यात मानूस बसवायचा नाय. माल चालंल."

"आणि भजनी मंडळ?"

"टाळ चालतील. टाळकरी नाय."

टाळ पुढे जातात आणि टाळकरी एस.टी.नं मागून येतात, अशी आमची पहिली फेरी जामसरच्या सप्ताहाला निघाली. मंडपात एक महाराज डोळे मिटून सांगत होते, "आता चित्त शांत करा. आता काहीही ऐकू येत नाही." त्याच क्षणी मी मंडपामागं गाडी वळवली. पुढचं निरूपण त्यांनी क्रोधावर केलं.

पण बुवा! बुवा पुढच्या सीटवर असे बसले होते की विमानात बसलेल्या राजानं बघून घ्यावं. काच खाली, कोपर बाहेर. "भाऊ," म्हणाले, "हिच्यात बसलं का मानूस आपल्याच डोंगराला वरनं बघतो. बेस वाटतं." स्टूलवर पाय ठेवून उतरले, सरळ उभे राहिले आणि सरळ गुडघ्यांनी गादीवर गेले. त्या संध्याकाळी बुवा पावली खेळले. टाळकऱ्यांमध्ये शिरून, पुढं-मागं, पुढं-मागं. मी मृदंगाच्या मागं बसून रडलो. माझं हे असं आहे; कीर्तनात सगळे हसतात तिथंही मला रडू येतं.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर मी ती सांगायला बसलो नसतो.

एका सकाळी मी दवाखान्यात माझ्या गोळ्या घ्यायला गेलो होतो. बाहेर पायरीवर एक माणूस बसला होता. मला नाही, गाडीला पाहून उठला. जामसरचा कान्हा. सप्ताहात त्यानं मला पाणी दिलं होतं.

"साहेब, माझी डोकरी आय गेली," तो म्हणाला. "घरी न्यायची हाय. शववाहिका लांबच्या फेरीला गेलीय. तुमचे गाडीत जागा हाय."

जागा होती. दया, क्षमा, शांती ह्यांवर मी एवढं ऐकलं होतं, की देवानं आता पेपर काढून हातात दिला होता. मी हौद्याचा फाळका उघडला. आत ताडपत्री, तिच्यावर जयश्रीची जुनी सतरंजी. आणि त्या दिवशी ती सोडायची गाडी मी बैलगाडीच्या चालीनं नेली. म्हातारी जन्मात एवढ्या मोठ्या गाडीत बसली नसेल. तिला धक्का लागू नये असं मला वाटलं. वाटेत पोलिसानं हात केला. पिवळी पाटी बघून म्हणाला, "मागं काय माल?" कान्हानं सांगितलं. पोलिसानं टोपी काढली आणि वाट सोडली. जिवंत माणसाला माझ्या हौद्यात बसायला परवानगी नव्हती. मेलेल्याला कुणी अडवलं नाही.

त्यानंतर फोन येऊ लागले. नंबर कुणी कुणाला दिला देव जाणे. वावरकडून, खोडाळ्याकडून, पार सूर्यमाळच्या वाटेवरून. "साहेब, तुमीच ते हळू नेनारे ना?" ह्या प्रश्नाला नाही कसं म्हणायचं? मी हळू नेत राहिलो. एरवी डरकाळ्या फोडणारी गाडी हळू चालवली की घशात हुंदका अडकल्यासारखी गुरगुरते. डोंगरावरच्या लोकांना लांबूनच कळायला लागलं: पिकअप जोरात आली तर नितीनभाऊ कचेरीला चाललाय, पिकअप हळू आली, की कुणीतरी गेलं.

मग माझ्या प्रतिष्ठेचं जे व्हायचं ते झालं. कमलेश एके दिवशी कानाशी येऊन म्हणाला, "नितीनभाऊ, राग मानू नका, पण दुकानासमोर लावू नका. गिऱ्हाईक नमस्कार करून पुढं जातं."

"गाडी तूच निवडलीस!"

"टर्बो मी निवडला. धंदा तुम्ही निवडला."

कचेरीतल्या योगिताबाईंच्या मुलीची हळद होती. दारात खड्डा होता म्हणून मी गाडी हळू घेतली. झालं! मुलीच्या आत्यानं गळा काढला. आतून आणखी दोघींनी सूर लावला. आजोबा मागच्या खोलीत झोपले होते, त्यांना हलवून हलवून उठवलं. ते उठले, शिव्या देऊ लागले, तेव्हा कुठं घर शांत झालं. मला सन्मानानं हळद लावली, पण गाडी पुढच्या गल्लीत लावून यायची विनंती केली.

उपाय केले. भगताकडून नारळ उतरवला, लिंबू-मिरची बांधली. जयश्री म्हणाली, काळा रंगच अशुभ, पांढरा द्या. तिच्या म्हणण्याप्रमाणं मी गाडी पांढरीशुभ्र करून घेतली. रंगवून बाहेर काढली आणि आम्ही दोघं बघत राहिलो. आतापर्यंत ती शववाहिकेचं काम करणारी पिकअप होती. आता ती शववाहिकाच दिसत होती.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण एक दिवस पोशेऱ्याला बुवांना घ्यायला गेलो तर हिरीबाई ओट्यावरून उतरून आडव्या उभ्या राहिल्या. बुवांची ही बायको, अंगानं काटकुळी, बोलायला कमी. त्यांच्या हातची नागलीची भाकर मी जितकी खाल्ली तितकी माझ्या सख्ख्या बहिणीच्या हातची नसेल.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तू माझा भाऊच. घरी ये, भाकर खा. पन ती गाडी मोरीच्या वर नको आनू. न् डोकऱ्याला तिच्यात नको बसवू."

"अगं, देवाचे कामाची गाडी ती," बुवा मागून म्हणाले.

"देवाकडं नेते म्हनूनच सांगते," हिरीबाई म्हणाल्या.

बुवांनी जन्मभर मोठमोठ्या शंकाखोरांना गादीवरून गप्प केलं होतं. ह्या बाईपुढं ते गप्प झाले. मीही झालो. गाडी मी खाली, रस्त्याखालून ओढा जातो त्या मोरीपाशी ठेवू लागलो. कीर्तनं कमी झाली. मोटरसायकल पुन्हा काढून पाहिली, पण गुडघे आता चढतच नव्हते. मग बुवांनी एक शास्त्रार्थ काढला. काठी टेकत ते मोरीपाशी यायचे, स्टूलवर चढून पुढच्या सीटवर बसायचे आणि काच खाली करायचे. गाडी बंद.

"हिरीनं चालत्या गाडीत बसू नको सांगलं," म्हणायचे. "उभे गाडीत बसाय काय झालं?"

आम्ही दोघं उभ्या गाडीत बसून समोरचा डोंगर बघायचो. बुवा हळू आवाजात काहीतरी गुणगुणायचे. कितीतरी रविवार आम्ही असे एक इंचही पुढे न जाता घालवले. चारशेच्या वर टॉर्क असलेली गाडी आणि वीस गावं पुरणारा आवाज, दोन्ही मोरीपाशी उभे.

पावसाळा सरताना बुवांचं पोट फुगायला लागलं. पाय सुजले. त्यांची मुलगी सपना त्यांना नाशिकला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. हिरीबाईंना कापणी सोडून निघता येईना, आणि बुवांनीच त्यांना थांबवलं, "चार दिसांत येतो" म्हणून. मी सुट्टी काढून गाडी घेऊन गेलो, तर डॉक्टरांनी सपनाला आणि मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. चांगला माणूस होता. म्हणाला, "इथं ठेवून आता त्यांना त्रासच होईल. घरी न्या. जे आवडतं ते करू द्या. प्रवास मात्र जपून; वाटेतही काही होऊ शकतं."

आत गेलो. बुवांनी विचारलं, "काय बोलला डागदर?"

"आराम करा म्हणाला."

बुवांनी उशीवरची मान माझ्याकडं वळवली. "कारकून तू. खोटं लिवाय शिकलास. बोलाय नाय शिकलास." मग दम घेऊन म्हणाले, "भाऊ, माझं एक काम कर. ज्या गाडीत तू मला झोपवून नेनार, तिच्यात मला एकदा बसवून ने. जिता. हिरीच्या दारापर्यंत. मोरीपर्यंत नाय."

"हिरीबाई मला मारतील."

"मारू दे. आवाज ऐकीन मी तिचा."

सपनानं घरी फोन लावून पाहिला. पाड्यावर रेंज कधी नसतेच, आजही नव्हती. डॉक्टरांनी गोळ्या बांधून दिल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही निघालो. बुवा पुढच्या सीटवर, उशा लावून. मागं सपना, ओला फडका घेऊन. त्र्यंबक मागं पडलं. तोरंगणच्या घाटात प्रत्येक वळणाला बुवांचा चेहरा आवळे, आणि मी गाडी आणखी हळू करी. जन्मात कधी एवढी हळू चालवली नव्हती. मेलेल्यांना निदान दुखत नव्हतं.

घाट उतरल्यावर बुवांनी डोळे मिटले. मला धास्ती वाटली. हाका मारायची हिंमत होईना, म्हणून मी हळूच "विठ्ठल" म्हटलं.

"विठ्ठल," बुवा म्हणाले.

मला युक्ती सापडली. थोडं गेलं की मी "विठ्ठल" म्हणायचो आणि बाजूनं "विठ्ठल" यायचं. मागून सपना सूर धरायची. कुणाला वाटेल, काय भक्तिमय प्रवास! मी गजर करत नव्हतो. जीव आहे का ते बघत होतो. मोखाडा येईतो बुवांचे नुसते ओठ हलू लागले. मी म्हणायचो आणि वळून ओठांकडं बघायचो. देवाचं नाव घेऊन मी आयुष्यात एवढा कधी घाबरलो नव्हतो.

मोरी आली. माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"चालव," बुवा म्हणाले.

आता हे ध्यानात घ्या, की आमच्याकडच्या डोंगरावर रस्ता लांबून दिसतो. खालच्या वळणापासून गाडी कोणत्या चालीनं येते आहे ते साऱ्या पाड्याला दिसलं होतं. पांढरी पिकअप, हळू, नाशिककडून. कुणाला काही विचारायची गरजच नव्हती. पाड्यावरचं कुणी गेलं की चितेसाठी घरटी एक लाकूड येतं, न बोलावता, न सांगता. आम्ही वर पोचलो तेव्हा बुवांच्या खळ्यात लाकडांचा ढीग लागला होता. बायका हिरीबाईंना धरून बसल्या होत्या. हिरीबाईंचे केस सुटलेले. त्या रडत नव्हत्या. नुसत्या बसून माझ्या गाडीकडे बघत होत्या. ती नजर मी विसरणार नाही. रांगेत शेवटचा काळ्या, बुवांचा शेजारी आणि त्यांचा जुना टाळकरी, खांद्यावर सागाचा ओंडका घेऊन चढत होता.

सगळे फाळक्याकडं गेले. मी उतरून पुढचं दार उघडलं आणि स्टूल ठेवलं.

आधी काठी बाहेर आली. मग पाय. मग बुवा, सपनाच्या खांद्यावर हात टाकून.

एक बाई किंचाळून घरात पळाली. बाकी कुणी हलेना. बुवांनी लाकडांकडं पाहिलं, बायकांकडं पाहिलं, आणि खरोखर काळजीच्या आवाजात विचारलं, "कोन गेलं रं?"

शेवटी काळ्या, खांद्यावरचं लाकूड न उतरवता, म्हणाला, "तूच."

बुवा हसले. एवढे हसले की खोकला लागला, खाली बसवावं लागलं, पाणी पाजावं लागलं. मग पाडा हसायला लागला. रडून झालेल्या बायकांचं हसणं फार वाईट असतं, थांबत नाही. हिरीबाई उठल्या, बुवांजवळ आल्या, आणि त्यांच्या पाठीत एक जोराची चापट मारली.

"बेस," बुवा म्हणाले. "पोचलो."

मग लाकडांचा प्रश्न निघाला. मेलेल्यासाठी बाहेर काढलेलं लाकूड परत घरात न्यायचं नसतं. पण ज्याच्यासाठी काढलं तो तर समोर बसून पाणी पीत होता. ह्यावर पाड्यातल्या जाणत्यांची सभा भरली. एक म्हणाला, तिथंच राहू द्या. दुसरा म्हणाला, आन् रोज सकाळी डोकऱ्यानं उठून तेच बघायचं? तिसरा म्हणाला, खालच्या पाड्यात रंगूची आई आजारी हाय, विचारून बघू का. त्याला बाकीच्यांनी गप्प बसवलं.

"माझे नावाचं लाकूड हाय ना?" बुवा म्हणाले. "मंग माझे पाव्हन्यांना भात शिजवा. सगळी आलीच हायत तर कीर्तन ऐकून जातील."

खळ्यात दगडांची चूल मांडली. प्रत्येकानं आपापलं लाकूड आपल्या हातानं सारलं. त्यावरूनही थोडं भांडण झालं, कारण काळ्याचा साग पेटेना. नव्या तांदळाचं मोठं पातेलं चढलं. हिरीबाईंनी केस बांधले आणि त्या भाताशी बसल्या.

मी बुवांना म्हटलं, "बसून सांगा. आज देव चालवून घेईल."

"देव घेईल. मी नाय घेनार," असं म्हणून ते उठले. गाडीचा फाळका खाली सोडून त्याला एका हातानं धरलं, आणि उभे राहिले. काळ्यानं घरून टाळ आणले. आवाज वीस गावं काय, खळ्याच्या कडेपर्यंत जेमतेम पोचत होता. लोक पुढं सरकून बसले.

बुवांनी दृष्टांत दिला तो यमाचा. यमाचा रेडा म्हातारा झाला. गुडघे गेले बिचाऱ्याचे. मग यमाला त्याच्या शेजाऱ्यानं सल्ला दिला, सेकंडहँड पिकअप घे, टर्बो. यमानं घेतली. पहिलाच फेरा पोशेऱ्याला निघाला. वाटेत पोलिसानं धरलं, पाटी पिवळी हाय, जिता मानूस न्यायचा नाय. यम म्हनला, मी काय जिता नेत नाय. तर पोलीस म्हनला, बघ बाबा, हा तुझा डोकरा अजून गातोय. "यम दारात आला न् मला बोलला, बुवा, माझा पेपर अटकलाय. एजंटला दिलाय. थोडे दिस थांब, मी येतोच. मी बोललो, थांबतो बाबा. थोडे दिस तर थोडे दिस. पन आलास का दारापर्यंत ये. मोरीपाशी उभा नको राहू. माझे गुडघे नाय चालत."

लोक लोटपोट हसत होते. पंगतीची वाट बघत बसलेली पोरं एकमेकांवर पडत होती. मी नेहमीप्रमाणं रडत होतो, आणि नेहमीप्रमाणं माझ्याकडं कुणी लक्ष देत नव्हतं.

हिरीबाई मात्र हसत नव्हत्या. त्यांच्या हातातला डाव भातात थांबला होता. थोड्या वेळानं त्या उठल्या आणि गाडीच्या पलीकडच्या अंगाला, मी उभा होतो तिथं आल्या. फडक्याला हात पुसत हळूच म्हणाल्या, "भाऊ, डागदर काय बोलला?"

आयुष्यभर मी चांगलं बोलणं ऐकत आलो. किती दृष्टांत, किती उपमा. जन्म-मरण ह्या विषयावर तर माझ्या कानांवरून नदी वाहून गेलेली. मी तोंड उघडलं. काही आलं नाही.

त्यांनी माझं तोंड वाचलं. मान हलवली, आपण बाजारात भाव ऐकून हलवतो तशी. मग गाडीकडं पाहिलं. वरून खालपर्यंत, नव्यानं पाहिल्यासारखं.

"खाली नको नेऊ हिला," त्या म्हणाल्या. "दारातच राहू दे. तू उंद्या एस.टी.नं जा."

"वहिनी..."

"बसाय आवडतं त्याला हिच्यात."

आणि त्या वळल्या, कारण भात खाली लागल्याचा वास यायला लागला होता. जळकी दोन लाकडं त्यांनी मागं ओढली. ओल्या फडक्यानं पातेलं धरून उतरवलं, वरचा मऊ भात बुवांसाठी एका ताटलीत काढला, तिच्यावर दुसरी ताटली झाकली आणि ती आपल्या पदराखाली घेऊन ओट्यावर बसल्या. बुवांनी गजर धरला. कीर्तन अजून चाललं होतं.